तुम्ही विचारलंत म्हणून: एअरलाइनच्या पॉइंट्सवर एका तिकिटात तीन शहरं कशी बसतात?

"पॉइंट्स बऱ्यापैकी जमलेत. पण एकाच प्रवासात तीन-चार शहरं करायची म्हटली, की वेबसाइट प्रत्येक टप्प्याचे वेगळे पॉइंट्स मागते. तुमचं सगळं एका तिकिटात कसं बसतं?" हे मला सतत विचारलं जातं. सोबत बहुतेकदा शहरांची यादीही असते, तारखा घालून तयार.

घोडं त्या यादीपाशीच अडतं. पैसे मोजून तिकीट काढायचं असेल तर आधी शहरं ठरवावीत, मग विमान शोधावं. पॉइंट्सवर हाच क्रम उलटा लावावा लागतो: आधी प्रोग्रॅमचा, म्हणजे एअरलाइनच्या पॉइंट्स योजनेचा, नियम वाचायचा, मग लांब पल्ल्याच्या विमानात अवॉर्ड सीट, म्हणजे पॉइंट्सवर मिळणारी सीट, शोधायची, आणि शहरं त्या सीटच्या आजूबाजूला बसवायची. एवढं मान्य असेल तर पुढचं सगळं जमण्यासारखं आहे.

नियमात सगळ्यात आधी बघायचे ते 24 तास. आंतरराष्ट्रीय तिकिटात वाटेतल्या शहरात 24 तासांपेक्षा कमी थांबलात तर ते ट्रान्झिट, जास्त थांबलात तर स्टॉपओव्हर. ट्रान्झिटला सहसा जादा पॉइंट्स लागत नाहीत. स्टॉपओव्हर मात्र कोणी मोफत देतं, कोणी थोडे पॉइंट्स घेऊन देतं, आणि कोणी तिथेच तिकीट तोडून दोन तिकिटांचे पॉइंट्स घेतं. तुम्हाला वेबसाइटवर दिसलेला फुगलेला आकडा बहुतेक वेळा या तिसऱ्या प्रकारातला असतो.

एअर कॅनडाच्या एरोप्लॅनमध्ये एका बाजूच्या तिकिटातही 5,000 पॉइंट्स जादा देऊन एक स्टॉपओव्हर घेता येतो, आणि तो 45 दिवसांपर्यंत लांबवता येतो. एअर फ्रान्स-केएलएमच्या फ्लाइंग ब्लूने 2022 पासून अवॉर्ड तिकिटावर मोफत स्टॉपओव्हर द्यायला सुरुवात केली. पॅरिस किंवा अ‍ॅम्स्टरडॅमला चार दिवस राहून पुढे जायचं असेल तर मी आधी तिथेच बघते. ब्रिटिश एअरवेजच्या एव्हिओसचा हिशेब वेगळा आहे. तिथे प्रत्येक उड्डाणाचे पॉइंट्स त्याच्या अंतरावर ठरतात आणि त्यांची बेरीज होते. त्यामुळे मध्ये दोन तास थांबा नाहीतर दोन आठवडे, आकडा जवळपास तोच. लांबच्या, तोडून केलेल्या प्रवासाला हा हिशेब महाग पडतो, पण एखाद्या छोट्या थेट उड्डाणाला फार चांगला. म्हणून "सगळ्यात चांगला प्रोग्रॅम कोणता" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. तुम्हाला कुठे थांबायचंय ते कळल्याशिवाय ते देता येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ओपन-जॉ. एका शहरात उतरायचं आणि परतीचं विमान दुसऱ्याच शहरातून पकडायचं. मधलं अंतर तुम्ही रेल्वेने, बसने किंवा स्वस्त विमानाने स्वतःच्या खर्चाने कापता. बरेच प्रोग्रॅम हल्ली एका बाजूची तिकिटं विकतात, त्यामुळे ओपन-जॉसाठी वेगळी परवानगी लागत नाही. जायचं एक तिकीट, यायचं एक तिकीट, झालं. लोक याचा वापर फार कमी करतात याचं मला वाईट वाटतं. उतरलेल्या शहरातच परत यायच्या हट्टापायी सुट्टीतला एक अख्खा दिवस उलट्या प्रवासात जातो.

आता एक मार्ग जुळवून बघू. समजा सिंगापूरहून निघायचंय आणि इस्तंबूल, लिस्बन आणि बँकॉक ही तीन शहरं मनात आहेत. स्टार अलायन्स हा विमान कंपन्यांचा गट 1997 मध्ये पाच कंपन्यांनी सुरू केला, आणि एअर कॅनडा व थाई एअरवेज त्या पाचांत होत्या. टर्किश एअरलाइन्स नंतर आली. यातल्या एकीचे पॉइंट्स दुसरीच्या विमानात चालतात, हा अलायन्सचा मुख्य फायदा. तेव्हा जाताना टर्किशने सिंगापूर–इस्तंबूल, तिथे स्टॉपओव्हर, मग इस्तंबूल–लिस्बन. हे एरोप्लॅनचं एका बाजूचं एक तिकीट. लिस्बनहून फ्रँकफर्टपर्यंतचा प्रवास आपला आपण. येताना थाईने फ्रँकफर्ट–बँकॉक, तिथे स्टॉपओव्हर, मग बँकॉक–सिंगापूर. दोन तिकिटं, दोन स्टॉपओव्हर, एक ओपन-जॉ. वर 10,000 पॉइंट्स गेले. हीच शहरं सुटी सुटी काढली असती तर चार तिकिटांचे पॉइंट्स लागले असते.

आता यातलं अंतर बघा. सिंगापूर–इस्तंबूल सुमारे 5,400 मैल, आणि इस्तंबूल–लिस्बन आणखी सुमारे 2,000. म्हणजे एकूण 7,400. लिस्बनऐवजी व्हिएन्नाला उतरलात तर दुसरं उड्डाण फक्त 800 मैलांच्या आसपास, एकूण 6,200. एरोप्लॅनचं दरपत्रक अंतराच्या टप्प्यांवर बांधलेलं असतं. टप्प्याची सीमा या दोन आकड्यांच्या मधे पडली, तर शेवटचं शहर बदलल्याने बरेच पॉइंट्स वाचतात, आणि व्हिएन्नाहून लिस्बनचं साधं तिकीट रोखीत काढूनही फायदा उरतो. मार्ग नक्की करण्याआधी मी ही बेरीज कागदावर मांडते.

24 तासांच्या नियमाचा आणखी एक उपयोग मला मनापासून आवडतो. रात्री निघालेलं विमान फ्रँकफर्टला पहाटे उतरतं. पुढचं उड्डाण त्याच दिवशी सकाळी न घेता दुसऱ्या दिवशी पहाटेचं घ्या. एक पूर्ण दिवस आणि एक रात्र हातात येते, आणि नियमाच्या भाषेत ते अजूनही ट्रान्झिटच राहतं. फक्त चेक-इनच्या वेळी विचारून घ्या की बॅग तिथे मिळणार की शेवटच्या शहरात. आणि विमानतळाबाहेर पडायचं तर व्हिसाचा नियम त्या देशाचा लागतो, तो ट्रान्झिट बघत नाही.

शोधायला बसलात की पूर्ण मार्ग एकदम टाकू नका. वेबसाइट "उपलब्ध नाही" म्हणेल, आणि कुठला टप्पा अडला ते तुम्हाला कळणारच नाही. एकेक टप्पा वेगळा शोधा, एका प्रवाशासाठी, आणि सगळ्यात लांब उड्डाणापासून सुरुवात करा. सिंगापूर–इस्तंबूलच्या बिझनेस क्लासमध्ये सीट असेल ती तारीख दुर्मिळ असते. इस्तंबूल–लिस्बन त्यामानाने सहज मिळतं. लोक आधी सोपा टप्पा पक्का करतात आणि मग अवघड टप्प्यासाठी महिनाभर झुरतात. लांबची सीट सापडली की तिच्या तारखेभोवती इस्तंबूलचे दिवस वाढवा किंवा कमी करा. यादीवर आधीच तारखा टाकू नका म्हणते ती यासाठीच. चार दिवस इकडे-तिकडे करायची तयारी असलेल्या माणसाला सीट मिळते. लग्नकार्याच्या नाहीतर परीक्षेच्या तारखेला बांधलेल्या माणसाला पॉइंट्सवर फार थोडं मिळतं, आणि त्याने सरळ रोखीचं तिकीट काढावं असंच मी सांगते.

भागीदार कंपनीला मिळणाऱ्या सीटना ठरलेली अक्षरं असतात. स्टार अलायन्समध्ये इकॉनॉमीची सेव्हर (कमी पॉइंट्सची) सीट 'एक्स' वर्गात असते, बिझनेसची 'आय' वर्गात. फोनवर बोलताना ही अक्षरं माहीत असली की बोलणं लवकर संपतं. सीट शक्यतो दोन ठिकाणी तपासा. एका कंपनीच्या वेबसाइटवर दिसते, दुसरीच्या दिसत नाही, आणि बुक करायला गेलं की नाहीशी होते. अशा भुताटकीच्या सीट असतात. त्यांच्या भरवशावर कार्डाचे पॉइंट्स हलवू नका.

हे मी जरा जोर देऊन सांगते, कारण इथलं नुकसान भरून निघत नाही. बँकेच्या कार्डावरचे पॉइंट्स एअरलाइनकडे एकदा पाठवले की परत येत नाहीत. काही वेळा ते लगेच पोचतात, काही वेळा दिवस लागतात, आणि तोवर सीट दुसऱ्याने नेलेली असते. म्हणून आधी सीट डोळ्यांनी बघायची, मग पॉइंट्स पाठवायचे. काही प्रोग्रॅम फोनवर सीट थोडे दिवस होल्डला ठेवतात. ठेवत असतील तर आधी होल्ड, मग ट्रान्सफर. ट्रान्सफरवर बोनस जाहीर झाला म्हणून काहीही ठरलेलं नसताना पॉइंट्स पाठवण्याच्या मी विरोधात आहे. कार्डावर असेपर्यंत त्यांच्यापुढे अनेक वाटा असतात, पाठवले की एकच उरते.

स्टॉपओव्हर आणि तीन-चार टप्पे असलं की वेबसाइट पुष्कळदा हात टेकते, आणि फोन करावा लागतो. फोनआधी कागदावर प्रत्येक टप्प्याची एक ओळ लिहा: तारीख, विमानाचा नंबर, कुठून कुठे, वर्ग. एजंटला "मला इस्तंबूल आणि लिस्बनला जायचंय" असं सांगू नका. "पहिला टप्पा, अमुक तारीख, टीके (टर्किशचा कोड) अमुक, सिंगापूर ते इस्तंबूल, आय क्लास, एक सीट" असं वाचून दाखवा, आणि तो टप्पा सापडला असं त्यांनी सांगेपर्यंत दुसऱ्यावर जाऊ नका. शोधाशोध तुम्ही आधीच केलेली असते, त्यांना फक्त जोडणी करायची असते. एजंट "होत नाही" म्हणाला आणि नियमात ते बसत असेल, तर नम्रपणे आभार मानून पुन्हा फोन लावा. दुसऱ्या माणसाला जमतं. फोनवरच्या बुकिंगला काही जण शुल्क लावतात, पण वेबसाइटवर ते होतच नसल्याने फोन केला असं सांगितलं तर कधीकधी माफही करतात. मागायला लाजू नका.

करांबद्दल थोडक्यात. पॉइंट्सचं तिकीट म्हणजे फुकट नव्हे. विमानतळ आणि सरकारचे कर सगळीकडे असतात, ते टळत नाहीत. त्याशिवाय कंपनीचा स्वतःचा सरचार्ज असतो, आणि तो प्रोग्रॅमप्रमाणे बदलतो. एरोप्लॅन तो घेत नाही, काही जण पूर्ण वसूल करतात. तीच सीट, तेच विमान, आणि भरायच्या रकमेत मोठा फरक. ब्रिटनमधून निघताना एअर पॅसेंजर ड्यूटी हा कर लागतो, आणि वरच्या वर्गात ती इकॉनॉमीच्या दुपटीहून जास्त असते. एकाच तिकिटावर लंडनला 24 तासांच्या आत विमान बदललंत तर ती लागत नाही. मुक्काम केलात तर लागते. म्हणून लंडन बघायचंच असेल तर ते प्रवासाच्या शेवटच्या टोकाला ठेवून तिथून दुसऱ्या शहरात रेल्वेने जाता येतं का, ते बघा.

तिकीट हातात आलं की पीएनआरवर विसंबू नका. 13 आकडी ई-तिकीट नंबर आलाय का ते बघा. पहिले तीन आकडे तिकीट देणाऱ्या कंपनीचे असतात: 014 असेल तर एअर कॅनडा, 618 असेल तर सिंगापूर एअरलाइन्स. प्रत्येक विमान कंपनीचा स्वतःचा वेगळा पीएनआर असतो, तोही मागून घ्या आणि त्या त्या वेबसाइटवर टाकून सीट दिसते का ते बघा. पुढच्या काही महिन्यांत एखाद्या विमानाची वेळ बदलणार हे जवळपास ठरलेलं. बदलली की तिकीट नव्याने जारी व्हावं लागतं, आणि ते काम पॉइंट्स घेणाऱ्या कंपनीचं असतं, विमान उडवणारीचं नव्हे. वेळ बरीच बदलली असेल तर मोफत दुसरं विमान मागता येतं. ज्या तारखेला आधी सीट नव्हती ती यात कधीकधी मिळून जाते. आणि मधलं एखादं उड्डाण न कळवता सोडू नका. पुढचे सगळे टप्पे रद्द होतात.

काहींना तीन शहरं पुरत नाहीत, अख्खी पृथ्वी हवी असते. त्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासचं वनवर्ल्ड अवॉर्ड बघा (वनवर्ल्ड हा स्टार अलायन्ससारखाच दुसरा गट): जास्तीत जास्त 35,000 मैल, पाच स्टॉपओव्हर, आणि क्वांटासखेरीज वनवर्ल्डच्या किमान दोन कंपन्या. विषुववृत्ताचा घेर सुमारे 24,900 मैल आहे, म्हणजे वळणं घ्यायला भरपूर जागा उरते. कॅथे पॅसिफिकच्या एशिया माइल्समध्येही अनेक कंपन्या मिळून पाच स्टॉपओव्हर घेता येतात. जपानच्या एएनएचं जगप्रदक्षिणेचं अवॉर्ड यापेक्षाही उदार होतं, पण ते 2025 मध्ये बंद झालं. अमेरिकेच्या युनायटेडचा एक्सकर्जनिस्ट पर्क (सवलत), ज्यात तीन टप्प्यांमधला मधला मोफत मिळायचा, तोही त्याच वर्षी गेला.

म्हणून "आणखी दोन वर्षं साठवू का?" असं विचारणाऱ्यांना मी नाही म्हणते. पॉइंट्सवर व्याज मिळत नाही आणि दरपत्रक वर जातं. एका प्रवासापुरते पॉइंट्स असतील तर त्याच प्रवासाला लागा. बऱ्याच कंपन्या साधारण 330 ते 360 दिवस आधी सीट उघडतात, आणि उरलेल्या काही सीट निघायच्या शेवटच्या दोन आठवड्यांत पुन्हा सोडतात. चौघांचं कुटुंब असेल तर पहिला काळ धरा, आणि चार सीट एकत्र नाही दिसल्या तर दोन-दोनच्या दोन बुकिंगला तयार राहा. एकटे असाल आणि बॅग भरलेली असेल, तर शेवटचे दोन आठवडे तुमचे.