आमची वाटचाल : एका कमांडने उभा राहणारा सांगाडा आणि त्यापुढचे काम

सांगलीतील आमची छोटी संस्था २००९ पासून पतसंस्था, अडत दुकाने, शीतगृहे आणि काही शिक्षणसंस्था यांच्यासाठी वेब अ‍ॅप्लिकेशन तयार करून देते. या काळात आमची माणसे बदलली, कार्यालय बदलले आणि ग्राहकांच्या टेबलावरचे संगणक मागे पडून त्यांच्या हाती मोबाइल आले. परंतु आमच्या व्यवसायाची घडी सर्वांत जास्त कशाने बदलली असेल, तर ती कमांड लाइनवरून, म्हणजे टर्मिनलवर एक आज्ञा लिहून, अ‍ॅप्लिकेशनचा सांगाडा तयार करून देणाऱ्या साधनांनी. त्यांच्यामुळे आमचा वेळ वाचला ही गोष्ट खरीच आहे. मात्र आम्ही ग्राहकाला नेमके काय विकतो, हेही त्यांच्यामुळे बदलले.

सुरुवातीला आम्ही साध्या पीएचपीमध्ये काम करत होतो. नवे काम आले की मागच्या कामाचे फोल्डर कॉपी करायचे, डेटाबेसमधील टेबलांची नावे बदलायची आणि एकेक पान हाताने दुरुस्त करत पुढे जायचे, अशी पद्धत होती. नोंदणीचा फॉर्म, यादी, दुरुस्ती, शोध ही पाने प्रत्येक कामात तीच असत, आणि तरीही ती प्रत्येक वेळी नव्याने लिहिली जात. आमचे दरपत्रकही त्याच पद्धतीवर बेतलेले होते : स्क्रीन किती, त्यावर रक्कम ठरे. जितक्या स्क्रीन जास्त, तितके बिल मोठे, हे गणित ग्राहकालाही समजत असे आणि आम्हालाही सोयीचे होते.

या पद्धतीला पहिला धक्का केकपीएचपी या फ्रेमवर्कच्या, म्हणजे पीएचपीतील तयार पायाच्या, ‘बेक’ या साधनाने दिला. डिसेंबर २००८ मध्ये या फ्रेमवर्कची १.२ ही आवृत्ती आली होती आणि आम्ही ती पुढच्या वर्षभरात वापरू लागलो. बेकची खुबी अशी की ते आधीपासून असलेली टेबले स्वतः वाचत असे. टर्मिनलवर एकामागून एक प्रश्न विचारत असे आणि त्यांची उत्तरे दिली की मॉडेल (टेबलातील माहिती हाताळणारा कोड), कंट्रोलर (ब्राउझरकडून आलेली मागणी हाताळणारा कोड) आणि पाने लिहून ठेवत असे. टेबलांची आखणी नीट असेल तर बेकने दिलेला सांगाडा नीट, आणि आखणी विस्कळीत असेल तर सांगाडाही विस्कळीत, हे लगेच उघडे पडे. त्यामुळे पाने लिहिण्यापूर्वी कागदावर टेबले मांडण्याची सवय आम्हाला लागली. ती सवय आजही टिकून आहे, आणि माझ्या मते बेकने आम्हाला दिलेली ती सर्वांत मोठी गोष्ट आहे.

२०११ मध्ये आम्ही रुबी या भाषेतील रुबी ऑन रेल्सकडे (थोडक्यात रेल्सकडे) वळलो. डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांनी बेसकॅम्प हे उत्पादन घडवताना त्यातून वेगळे काढलेले हे फ्रेमवर्क २००४ मध्ये प्रसिद्ध झाले होते, आणि पंधरा मिनिटांत ब्लॉग उभा करून दाखवणाऱ्या त्यांच्या प्रात्यक्षिकाची ख्याती आमच्यापर्यंत पोहोचली होती. विंडोजवर रुबीची काही जेम, म्हणजे तयार कोडची पॅकेजे, बसवणे हा मात्र सहनशीलतेचा भाग होता, कारण ज्या जेममध्ये सी भाषेतील कोड असे, त्यांच्यासाठी डेव्हकिट हा वेगळा साधनसंच लागे. शेवटी कार्यालयातील सर्व संगणकांवर विंडोजऐवजी उबुंटू ही लिनक्स प्रणाली आली. इंटरनेट इतके मंद होते की जेम बसवताना सोबतची कागदपत्रे उतरवू नयेत, असे सांगणारा पर्याय प्रत्येकाला तोंडपाठ झाला होता.

रेल्समध्ये अ‍ॅप्लिकेशन सुरू करण्यासाठी ‘रेल्स न्यू’ आणि एखादे रजिस्टर तयार करण्यासाठी ‘रेल्स जनरेट स्कॅफोल्ड’ अशा कमांड आहेत. शीतगृहातील लॉटचे रजिस्टर हवे असेल तर या कमांडपुढे लॉट हे नाव लिहायचे आणि त्यापुढे शेतकरी, वजन, दर, आवक दिनांक अशी एकेका रकान्याची जोडी त्याच्या प्रकारासह द्यायची. एंटर दाबताच डेटाबेसमध्ये टेबल उभारणारे मायग्रेशन, मॉडेल, कंट्रोलर, यादीपासून फॉर्मपर्यंतची पाने आणि चाचण्यांच्या फाइली अशा डझनाहून अधिक फाइली तयार होतात, रूटच्या फाइलीत (कोणता वेबपत्ता कोणत्या क्रियेकडे जातो हे सांगणाऱ्या फाइलीत) एक ओळ भरली जाते आणि त्या एका ओळीतून यादी, एक नोंद, नवा फॉर्म, दुरुस्तीचा फॉर्म, साठवणे, बदलणे आणि पुसणे या सात क्रिया चालू होतात. रकमेचा रकाना डेसिमल प्रकारचा आणि दोन दशांश स्थळांचा हवा असेल तर एकूण अंक आणि दशांश स्थळे महिरपी कंसात, मध्ये स्वल्पविराम घालून लिहावी लागतात, आणि तो सगळा भाग अवतरणचिन्हांत ठेवावा लागतो. तसे केले नाही तर बॅश शेल, म्हणजे टर्मिनलवरील कमांड वाचणारा प्रोग्राम, त्या कंसाचा स्वतःच्या पद्धतीने अर्थ लावते आणि एका रकान्याचे दोन तुकडे करून रेल्सच्या हाती देते. नवशिक्यांकडे आम्ही हे मुद्दाम पाहतो, कारण या कटकटीला कंटाळून रकमेसाठी फ्लोट हा अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार निवडण्याचा मोह होतो आणि मग वर्षअखेरीच्या ताळेबंदात पैशांचा मेळ बसत नाही. टेबलांची नावे आम्ही इंग्रजीतच ठेवतो. रेल्स प्रत्येक नावाचे इंग्रजी नियमाने अनेकवचन करते आणि सभासदाच्या शेवटी ‘एस’ लागलेला पाहून कोणाच्याही डोळ्यांना बरे वाटत नाही.

या वेगाचा व्यवसायावर होणारा परिणाम आम्हाला एका अडत दुकानात कळला. तेथील ज्येष्ठ व्यापाऱ्यांना विश्वास वाटावा म्हणून आमच्या सहकाऱ्याने त्यांच्यासमोरच कमांड दिली, सर्व्हर चालू केला आणि ब्राउझरमध्ये हळदीच्या आवकेचा फॉर्म उघडून दाखवला. शेठजींनी चष्मा वर करून पडद्याकडे पाहिले आणि विचारले, ‘‘एवढ्यात झालं? मग पैसे कशाचे घेताय ओ?’’ प्रश्न अगदी रास्त होता. स्क्रीनच्या संख्येवर रक्कम लावण्याची पद्धत आम्ही त्यानंतर हळूहळू सोडून दिली. आता आमच्या दरपत्रकात पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा विक्रीच्या हिशोबाचा कागद), दाखले, अहवाल, जुन्या नोंदींचे रूपांतर आणि वार्षिक देखभाल, म्हणजे सर्वजण ज्याला एएमसी म्हणतात तो करार, हे घटक असतात. नोंदणीचे साधे फॉर्म त्यात जवळजवळ विनामूल्य धरलेले असतात.

त्या फॉर्ममध्ये एवढे कमी मोल का, हे त्याच दुकानातील कामावरून सांगता येईल. स्कॅफोल्डने ‘दर’ नावाचा रकाना बिनतक्रार दिला; पण हळदीचा दर क्विंटलवर आणि बेदाण्याचा किलोवर बोलला जातो, हे त्याला कोठून ठाऊक असणार? शेतकऱ्याच्या हाती जाणाऱ्या पट्टीवर वजन, दर, वजावटी आणि निव्वळ रक्कम कोणत्या क्रमाने छापावी, पैसे कोठे पूर्णांकात आणावेत, आणि नंतर वजनात फरक निघाल्यास जुनी पट्टी रद्द न करता नवी कशी द्यावी, या प्रश्नांची उत्तरे दुकानातील दिवाणजींकडे असतात. ती समजून घेण्यात आमचा बहुतेक वेळ जातो.

पतसंस्थांच्या कामात तर स्कॅफोल्डने दिलेल्या सात क्रियांपैकी एक क्रिया धोक्याचीच असते. हिशोबातील नोंद पुसायची नसते. चूक झाली तर उलट नोंद करायची असते. स्कॅफोल्डच्या प्रत्येक नोंदीसाठी मात्र पुसण्याची सोय तयार मिळते. कंपन्यांच्या बाबतीत तर १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा मागोवा राहणे आणि तो बंद करता न येणे नियमानेच बंधनकारक झाले. आमचे बहुतेक ग्राहक कंपन्या नसले तरी आम्ही तोच दंडक सर्वांना लावतो. दुसरी बाब वेळेची. रेल्स डेटाबेसमध्ये वेळ साठवते ती यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. ३१ मार्चच्या रात्री पतसंस्थांमध्ये उशिरापर्यंत काम चालते. बारा वाजून गेल्यावर केलेली नोंद आपल्या दृष्टीने १ एप्रिलची असते, पण यूटीसीप्रमाणे ती पहाटे साडेपाचपर्यंत ३१ मार्चचीच राहते, आणि अहवालाने थेट ती साठवलेली तारीख वाचली तर नोंद चुकीच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते. उपाय सोपा आहे. रेल्सच्या टाइम झोनच्या यादीत ‘मुंबई’ हे नाव आहे, ते निवडायचे आणि आजची तारीख नेहमी त्या झोनप्रमाणेच मागायची. मात्र हे प्रत्येक कामात कोणीतरी आठवणीने करावे लागते.

ही आठवण माणसांवर सोपवण्याऐवजी साधनातच घालावी, असे आम्ही ठरवले. स्कॅफोल्ड ज्या साच्यांवरून फाइली लिहिते, ते साचे रेल्समध्ये बदलता येतात : प्रकल्पातील लिब फोल्डरमध्ये टेम्प्लेट्स नावाचे फोल्डर करून त्यात ठरावीक नावांनी स्वतःचे साचे ठेवले की रेल्स आपल्या साच्यांऐवजी तेच वापरते. रेल्स ३ पासून जनरेटरची, म्हणजे कोड लिहून देणाऱ्या कमांडची, ही सारी यंत्रणा थॉर या साधनावर उभी आहे आणि ती वाचायला अवघड नाही. आमच्या साच्यातून तयार होणाऱ्या कंट्रोलरमध्ये पुसण्याची क्रिया नसते. तारीख दिवस-महिना-वर्ष याच क्रमाने येते. रकमेत स्वल्पविराम लाख-कोटींच्या पद्धतीने पडतात, कारण १२,३४,५६७ ऐवजी १,२३४,५६७ असे दिसले की आमचा ग्राहक वाचताना थबकतो. नोंद कोणी केली आणि शेवटची कोणी बदलली हे रकाने न मागता मिळतात आणि फॉर्मवरील सर्व लेबले मराठी भाषांतराच्या फाइलीतून येतात. नवे अ‍ॅप्लिकेशन सुरू करतानाच टाइम झोन, डेटाबेसचे कॅरेक्टर सेट (अक्षरे साठवण्याची पद्धत) आणि १५ अक्षरांच्या जीएसटी क्रमांकाची प्राथमिक तपासणी बसावी म्हणून ‘रेल्स न्यू’ला जोडायचा एक वेगळा साचाही आहे. कॅरेक्टर सेटचा मुद्दा आज किरकोळ वाटेल. पण मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ८.० पूर्वीच्या आवृत्त्यांत मूळ निवड लॅटिन-१ ही असे, आणि त्यात मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा उमटत.

साधनाने लिहिलेला कोड आपला म्हणून स्वीकारण्यापूर्वी वाचला पाहिजे, हा आग्रह आम्ही २०१२ पासून धरतो. त्या वर्षी मार्चमध्ये एका रशियन विकसकाने फॉर्ममधून आलेले सर्व रकाने न तपासता साठवण्याच्या पद्धतीतील पळवाट वापरून गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर थेट रेल्सच्याच भांडारात बदल करून दाखवला होता. त्या काळचे स्कॅफोल्डही फॉर्ममधून आलेली माहिती तशीच्या तशी मॉडेलकडे पाठवणारा कोड लिहून देत असे. २०१३ मधील रेल्स ४ पासून कोणते रकाने स्वीकारायचे हे कंट्रोलरमध्ये नावानिशी लिहावे लागते, आणि रेल्स ८ मध्ये तोच भाग पुन्हा वेगळ्या रीतीने लिहिला जातो. कमांड तीच राहते, पण तिच्यातून निघणारा कोड त्या त्या काळाची समजूत घेऊन येतो. म्हणून जनरेटरने दिलेल्या फाइली आम्ही गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात एकही अक्षर न बदलता स्वतंत्र कमिट (बदलांची एक नोंद) म्हणून ठेवतो आणि हाताने केलेले बदल त्यापुढच्या कमिटमध्ये. काही वर्षांनी आवृत्ती वाढवताना यातले साधनाचे काय आणि आमचे काय, हे त्यामुळे चटकन दिसते. नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींना पहिले रजिस्टर जनरेटरशिवाय, हाताने लिहायला लावतो. त्यावर थोडी कुरकुर होते, आणि ती होऊ देतो.

जावास्क्रिप्टच्या बाजूचा अनुभव निराळा आहे. फेसबुकने २०१६ मध्ये क्रिएट-रिअ‍ॅक्ट-अ‍ॅप हे साधन आणले आणि एका कमांडमध्ये रिअ‍ॅक्टचा, म्हणजे ब्राउझरमधील पडदे उभारणाऱ्या जावास्क्रिप्ट संचाचा, प्रकल्प मिळू लागला. पण रेल्सचे स्कॅफोल्ड कोड लिहून देऊन बाजूला होते, तसे हे साधन बाजूला होत नव्हते. प्रकल्पाची सारी जुळणी रिअ‍ॅक्ट-स्क्रिप्ट्स या एका पॅकेजच्या आत झाकलेली राही, आणि ती बाहेर काढणारी ‘इजेक्ट’ ही कमांड एकदा दिली की परत फिरता येत नसे. शिवाय त्याखाली असंख्य छोट्या पॅकेजांचा पसारा असे. त्याच वर्षी मार्चमध्ये लेफ्ट-पॅड हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारातून काढून घेतले आणि जगभरातील प्रकल्पांची बांधणी अडली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये क्रिएट-रिअ‍ॅक्ट-अ‍ॅपचा वापर थांबवण्याची सूचना अधिकृतपणे आली. आमच्याकडील जे प्रकल्प त्यावर होते ते आम्ही व्हीट या दुसऱ्या बांधणी-साधनावर नेले. पर्यावरण-चलांच्या (प्रकल्पाला बाहेरून दिलेल्या मांडणीच्या मूल्यांच्या) नावांचे उपसर्ग बदलणे आणि मुख्य एचटीएमएल फाइल पब्लिक फोल्डरमधून प्रकल्पाच्या मूळ फोल्डरमध्ये आणणे, एवढे वरवरचे काम सोपे गेले, चाचण्यांची जुळणी मात्र नव्याने करावी लागली. तेव्हापासून कोणतेही नवे साधन निवडताना ते काम संपवून निघून जाणारे आहे की प्रकल्पात मुक्काम ठोकणारे आहे, हे आम्ही आधी पाहतो. दुसऱ्या प्रकारचे साधन घ्यायचे तर एएमसीची रक्कम त्या हिशोबाने धरतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता हेच फॉर्म साध्या वाक्यातून लिहून देतात आणि आम्हीही ती वापरतो. परंतु रजिस्टरांचा पाया आजही जनरेटरनेच घातला जातो. एकच कमांड दहा जणांनी दिली तरी दहाही जणांना तीच फाइल मिळते, आणि एएमसीच्या सातव्या वर्षी दुसऱ्याच कोणाला तरी ती फाइल उघडावी लागते.

सध्या आम्ही अ‍ॅप्लिकेशने रेल्स ८ वर नेत आहोत. आजवर लॉगिनसाठी डिव्हाइज हे जेम वापरत होतो. २०२४ च्या अखेरीस आलेल्या रेल्स ८ मध्ये त्यासाठी स्वतंत्र जनरेटर आहे. तो वापरकर्ता, सत्र आणि पासवर्ड बदलण्याची सोय यांचा कोड प्रकल्पात लिहून देतो आणि बाजूला होतो. नव्या वापरकर्त्याने स्वतः नोंदणी करण्याचे पान त्यात नाही. त्याबद्दल अनेकांनी नाराजी व्यक्त केली, पण आम्हाला ते पान नकोच होते, कारण पतसंस्थेत किंवा अडत दुकानात कोणी स्वतःहून नोंदणी करत नाही. खाते व्यवस्थापकच उघडून देतो. अडचण आहे ती पासवर्ड बदलण्याच्या सोयीची. ती ईमेलवर चालते, आणि आमच्या ग्राहकांकडील निम्म्या कर्मचाऱ्यांना ईमेल नसतो. त्यामुळे तो भाग साच्यातून काढून पासवर्ड बदलून देण्याचा अधिकार व्यवस्थापकाला दिला आहे, आणि हळदीचा नवा माल बाजारात येण्यापूर्वी हा बदल सर्व अडत दुकानांत पोहोचवायचा आहे.