आत्या, शकुंतला आणि २५ इंच

आत्याची व्हीलचेअर २५ इंच रुंद आहे. हा आकडा मला पाठ झालाय. तिच्या पंचाहत्तरीला तिला एखाद्या शाही रेल्वेगाडीतून फिरवून आणावं असं मनात होतं, त्यापायी फोनवर तो चार जणांना सांगून झाला. गाडीचं नाव घेत नाही. शेवटचा मुलगा फार गोड बोलला. पॅसेज दोन फुटांचा आहे म्हणाला, आणि लगेच, "मॅडम, आमचा स्टाफ उचलून नेईल ना!"

आत्याला सांगितलं तर म्हणाली, "काऊन? मी का कापसाची गठाण हाय?"

मग दिवाळीनंतर आम्ही मूर्तिजापूरला निघालो, शकुंतला पाहायला, म्हणजे अरुंद रुळांवरची (नॅरोगेज) जुनी रेल्वेगाडी. नुसती पाहायलाच, कारण ती आता धावत नाही. यवतमाळची बाजू बंद, अचलपूरचीही बंद. आत्या १८व्या वर्षी लग्न होऊन पथ्रोटला आली ती याच गाडीनं. अंजनगाव, दर्यापूर करत आमची कार चालली होती. कापसाच्या गाड्या गेल्या की रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके लटकतात, तसे लटकले होते. आत्या खिडकीतून एकेक जुनं स्टेशन सांगत होती. मी तिला इंजिनाची माहिती पुरवली: १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं, १९२३ पासून इथं राबलेलं, १५ एप्रिल १९९४ला डिझेल येईपर्यंत. "बरं झालं आलं डिझेल," ती म्हणाली. "लुगड्याले कोळशाची भोकं पडत."

मूर्तिजापूरला नॅरोगेजच्या बाजूला जायचं म्हणजे गिट्टीतून जायचं. व्हीलचेअरची पुढची चाकं लहान, ती गिट्टीत रुतून बसतात. खुर्ची उलटी फिरवायची आणि मागे ओढत न्यायची, हे मी आता शिकलेय. ओढता ओढता खुर्ची रुळांवर आली आणि गंमत झाली. शकुंतलेच्या दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ३० इंच. खुर्ची बरोब्बर मधे बसली, दोन्हीकडे अडीच-अडीच इंच मोकळे. "पाहा, हिच्यात मावली मी," आत्या हसली.

डब्यात मात्र नाही मावली. गंजलेल्या पायरीशी खुर्ची लावली, तिनं दांडा धरून पाहिला, सोडला. या गाडीबद्दल मी वाचलं होतं की मोजकी माणसंच सगळं करायची, तिकीट फाडण्यापासून सिग्नलपर्यंत. मला वाटलं, आता आत्या त्यांच्या मायेच्या गोष्टी सांगेल. सांगितलीही. सासूबाईंना लकवा झाला होता. गार्ड गाडी थांबवून धरायचा, दोघंतिघं हात घालून त्यांना वर चढवायचे, कुणी कुरकुरायचं नाही. "लोक म्हनत, गाडी किती मायाळू. पन सासूबाई डोये मिटून घेत. वर बसल्याशिवाय उघडत नसत."

मी गप्प झाले. फोनवरचा तो मुलगाही मला मायाळूच वाटला होता.

परतताना हिशेब करत बसले. शाही गाडी चालते ती ब्रॉडगेजवर, रुंद रुळांवर; तिथला डबा सव्वातीन मीटर रुंद. त्यात डबल बेड आणि बाथरूम घातलं की पॅसेजला उरतं ते उरलंसुरलं. जेवणाचा डबा वेगळा, म्हणजे चालत्या गाडीत दोन डब्यांमधला हलता सांधा ओलांडायचा. उंच प्लॅटफॉर्म रुळापासून फार तर ८४ सेंटिमीटर, डब्याची जमीन सव्वा मीटरच्याही वर, म्हणजे जवळजवळ दीड फूट चढ आलाच. जुना थाट जपायचा म्हणून बदल करता येत नाही असं सांगतात. पण या शाही गाड्यांपैकी बऱ्याचशा जुन्या आहेतच कुठे? डबे नव्या लोखंडाचे, थाट तेवढा जुना. एका डब्यातल्या दोन खोल्यांची एक केली, दार रुंद केलं, जेवण खोलीत आणून दिलं, तर कुठल्या महाराजाचा अपमान होणार आहे? साध्या मेल-एक्स्प्रेसला दिव्यांगांचा डबा असतो, रुंद दाराचा, मोठ्या संडासाचा. तोही गाडीच्या टोकाला, गार्डशेजारी. तिथवर पोचेपर्यंत गाडी सुटायची वेळ होते, ती तक्रार वेगळी.

निघायच्या आधीचं एक राहिलं. खुर्ची पुन्हा गिट्टीत रुतली. दोन पोरं धावत आली, एकानं हातही घातला. आत्यानं पंजा वर केला. "थांब रे बापा. ते फळी दिसते का तिकडं? ते आन." एक फळी आली, मग दुसरी. खुर्ची एकीवर चढवायची, दुसरी पुढे टाकायची, मागची उचलून परत पुढे. चाकं आत्या स्वतः फिरवत होती. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. पोरं कंटाळली नाहीत, उलट फळी कुठं टाकायची यावर भांडू लागली.

रस्त्यावर आलो तेव्हा तिचे तळवे काळे झाले होते. तसेच पुढे करून ती म्हणाली, "आता आलूबोंडा दे."