मेथी, लगदा आणि वैशाखाचं ऊन

५ मे
परीक्षा संपल्या की घरोघरी वह्यांचा ढीग पडतो. त्यातल्या टाकाऊ कागदाचा लगदा करून टोपल्या थापायच्या, त्याची ही टिपणं. त्यातली कोरी पानं आधी सोडवून घ्यायची, दोऱ्याने शिवली की कच्च्या कामाची वही तयार. पाठकोरे कागद हिशेबाला आणि वाणसामानाच्या यादीला. वर्तमानपत्रं आणि पुठ्ठा कोरडे ठेवून रद्दीवाल्याला द्यायचे. त्यांचा गिरणीत पुन्हा कागद होतो, ते घरी भिजवणं म्हणजे चांगला माल वाया घालवणं. लगद्यात जायचं ते फक्त उरलंसुरलं: चुरगळलेली, फाटकी पानं, चिटोरे.

निवडायला वेळ लागतो आणि तो द्यावाच. पिना एकूण एक काढायच्या. एखादी राहिली तरी टोपलीवर गंजाचा डाग उमटतो, शिवाय मिक्सरचं पातं जातं. मासिकांच्या चकचकीत कागदावर पांढऱ्या मातीचा लेप असतो, त्याने लगदा भुसभुशीत होतो. कागदी कपांना आतून प्लास्टिकचं अस्तर, तेही बाद. दुकानातल्या गुळगुळीत पावत्या तर अजिबात नकोत. नखाने ओरखडा काढावा, काळी रेघ उमटली की तो रसायन लावलेला कागद समजायचा.

कागद हाताने फाडायचा, कात्री लावायची नाही. फाटलेली कड उजेडात धरली की बारीक लव दिसते. तेच कागदाचे धागे. पाणी तिथून आत शिरतं आणि पुढे हेच धागे एकमेकांत गुंततात. वर्तमानपत्राचा धागा आखूड, म्हणून त्याची टोपली ठिसूळ; वहीच्या कागदाची चिवट. पुण्यात १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेने सुती चिंध्या वापरल्या त्या याच कारणाने, कापसाचा धागा लांब.

८ मे
तीन दिवस भिजवण. पाणी रोज बदलायचं, नाहीतर लगदा आंबतो आणि तो वास टोपली सुकल्यावरही जात नाही. एक किलो कोरड्या कागदाला १०० ग्रॅम मेथी, रात्रभर भिजवून गंधासारखी वाटलेली. मेथीचा बुळबुळीतपणा हाच इथला डिंक.

मिक्सरमध्ये एका वेळी मूठभरच कागद आणि अर्ध्याहून जास्त भांडं पाणी. थांबून थांबून पंधरा-वीस सेकंद पुरे. गंधासारखा बारीक केला तर धागेच तुटतात. मग फडक्यात पिळून, मेथी घालून कणकेसारखा मळायचा. गोळा मुठीत दाबला की बोटांच्या फटीतून थेंब यावेत. धार आली तर लगदा साच्यावरून घसरतो; काहीच आलं नाही तर थापे एकमेकांत मिसळत नाहीत आणि नेमकी सांध्यावर चीर पडते.

साच्याला पालथं पातेलं, वर ओलं फडकं. तोंडाकडे रुंद होत जाणारंच पातेलं घ्यावं, गळा आवळलेलं घेतलं तर टोपली निघणार नाही. बुडापासून खाली थापत यायचं, जाडी अर्धा सेंटीमीटर, काठाला किंचित जास्त.

१० मे
बहुतेक टोपल्या बिघडतात त्या सुकवताना. लगदा सुकताना आकसतो, पातेलं आकसत नाही. साच्यावरच पूर्ण सुकू दिली की बुडाच्या वळणावर तडा जातो. म्हणून पहिला दिवस सावलीत ठेवायची. हाताला गार लागते पण चिकटत नाही, अशी झाली की फडक्यासकट उचलून सोडवायची. काठ वाकडा वाटला तर याच वेळी वाटीच्या बुडाने दाबून घ्यावा, उद्या तो वळणार नाही. आता उन्हात, रोज पालटत.

१४ मे
वरून कोरडी दिसते, पण बुडाला टिचकी मारली की अजून ‘भद्द’. आणखी एक ऊन हवं. ‘टक्’ असा आवाज आल्याशिवाय वरून कागद चिकटवायचा नाही, आतली ओल कोंडते आणि मृगाच्या पावसात बुरशी येते.

चिकटवायला मैद्याची किंवा चिंचोक्याची खळ. कसर लागू नये म्हणून पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालतात, पण तो विषारी. लसूण-कांदे ठेवायच्या टोपलीला नुसतीच खळ लावावी, आणि धुतलेली भाजी तिच्यात कधी ठेवू नये.