आधी पाणी, नंतर साबण

लग्नकार्यात किंवा एखाद्या खाणावळीत हात धुण्याच्या नळाजवळ थोडा वेळ उभे राहिले, तर एक गंमत ध्यानात येते. जेवायला निघालेला माणूस नळाखाली बोटांची टोके भिजवतो, हात झटकतो आणि पानावर जाऊन बसतो. तोच माणूस जेवण झाल्यावर मात्र साबण शोधतो, बोटे चोळचोळून धुतो आणि रश्श्याचा वास गेला की नाही, हे हात नाकाशी नेऊन पाहतो. हॉटेलातली लिंबाची फोड घातलेली कोमट पाण्याची वाटीही जेवण उरकल्यावरच पुढ्यात येते. साबणाचा मान तर्रीला. बसच्या दांडीपासून मळक्या नोटांपर्यंत सगळीकडे फिरून आलेल्या हाताची मात्र नुसत्या पाण्यावर बोळवण.

आपला सारा भरवसा नाकाडोळ्यांवर असतो, आणि एकदा तरी या नाकाने फार मोठे काम केले आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात शवविच्छेदन आटोपून थेट बाळंतिणींना तपासायला येणाऱ्या डॉक्टरांना तिथल्याच इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टराने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले, ते साध्या धुण्याने न जाणारा प्रेताचा वास त्या पाण्याने जातो म्हणून. जंतूंची कल्पना तेव्हा रुजलेली नव्हती. तरीही एप्रिलमध्ये शंभरात १८ बाळंतिणी दगावत होत्या, त्या जूनमध्ये दोनांवर आल्या. एवढे होऊनही बऱ्याच वैद्यांना ते पटले नाही. आपलेच हात अपराधी आहेत, हे कोणाला रुचणार?

विषमज्वराच्या किंवा हगवणीच्या जंतूंना मात्र नाकाला कळेल असा वास नसतो. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याशी, तर दुसरे तेलाशी सलगी करते; त्यामुळे त्वचेवरच्या तेलकट थरासकट जंतू सुटून वाहून जातात आणि करोनासारख्या विषाणूंचे स्निग्ध आवरणच फुटते. त्यासाठी वीसेक सेकंद चोळावे लागते, आणि तळवे कितीही घासले तरी बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा व अंगठा हमखास कोरडे राहतात. आमटीभात कालवून घास तोंडात ढकलण्याचे काम नेमका हा अंगठाच करतो. चमच्याने जेवणाऱ्यांनीही निर्धास्त होऊ नये, कारण पोळीचा तुकडा मोडायला आणि पापड उचलायला चमचा अजून कोणी वापरलेला दिसत नाही.