मंद्रूपच्या अलीकडची सहा परस विहीर

निघालो होतो हत्तरसंग कुडलला. भीमा-सीनेचा संगम, शके ९४० चा मराठी शिलालेख, ३५९ मुखांचं शिवलिंग, सगळं पाहून झालं. रविवारी मात्र जाऊ नये, गर्दीत शिलालेखापुढे दोन मिनिटं उभं राहता येत नाही. लिहायचंय ते वाटेतल्या विहिरीबद्दल.

सोलापूर-विजापूर रस्त्यावर, मंद्रूपच्या अलीकडे, एका शेतात नवी विहीर खणलेली दिसली. कडं बांधायचं राहिलं होतं, त्यामुळे सहा परस (परस म्हणजे साधारण पुरुषभर उंचीचं माप) खोलीचा कडा वरपासून खालपर्यंत उघडा होता. एकदा बांधकाम झालं की हे कुणालाच दिसत नाही.

वर सात फूट काळी माती. मे महिन्यातल्या भेगेत हात कोपरापर्यंत जात होता. या मातीतली मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती पापुद्र्यांची बनलेली असते. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ती फुगते, वाळली की आक्रसते. पाऊस सरल्यावर पेरलेला शाळू याच धरून ठेवलेल्या ओलीवर येतो आणि याच मातीवर पाया घातलेल्या घराच्या भिंती तडकतात. पाया मुरमापर्यंत नेलाच पाहिजे. तिथे पैसे वाचवणाऱ्यांचा मला राग येतो, कारण नंतर तडे बुजवून काहीच होत नाही.

मातीच्या बुडाशी पांढरे चुनखडीचे खडे. त्यांची पूड करून लिंबू पिळलं तर फसफसते. पाऊस कमी असल्याने मातीतला चुना पुरता धुऊन जात नाही, खाली येऊन साठतो.

मग मुरूम, आणि त्यात कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल धोंडे. लोक त्यांना नदीचे गोटे समजतात, पण ते जागच्या जागी गोल झालेत. लाव्हा थिजताना खडकाला उभ्या-आडव्या चिरा पडतात. चिरांतून शिरलेलं पाणी ठोकळ्याच्या कोपऱ्याला तीन बाजूंनी, कडेला दोन बाजूंनी आणि सपाट अंगाला एकाच बाजूने कुजवतं. कोपरे आधी झिजतात, ठोकळा गोल होतो.

मुरमाखाली काळा पत्थर, आणि त्याखाली ज्यासाठी मी तासभर उन्हात थांबलो तो हातभर जाडीचा तांबडा थर. एक लाव्हा थिजला, त्याचा पृष्ठभाग ऊन-पावसात कुजून त्यातलं लोह गंजलं आणि मग दुसरा लाव्हा त्यावर पसरला. थराची वरची दोन बोटं भाजलेल्या विटेसारखी कडक होती. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या त्या दोन उद्रेकांमधली उसंत इथे बोट ठेवून दाखवता येते. त्याच्याही खाली मांजऱ्या, म्हणजे खालच्या लाव्ह्याचा माथा. वायूचे बुडबुडे वर चढून माथ्याशी अडकले, पुढे त्या पोकळ्यांत पांढरी खनिजं भरली. लिंबाने फसफसलं तर कॅल्साइट, काहीच झालं नाही पण चाकूने ओरखडा उठला तर बहुधा झिओलाइट, चाकूलाही दाद दिली नाही तर गारगोटी.

असे थर किती खोल जातात? किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं, त्यात लाव्ह्याचे थर ३३८ मीटरपर्यंत लागले.

शेतमालकांनी भाकरी आणि शेंगाचटणी पुढे केली. सोलापूरकडचा हा पाहुणचार उन्हातही जड होत नाही. जेवताना त्यांनी विचारलं, "अजून दोन परस खाली जावं का, का बोर मारावं?"

पाझर बरोबर तांबड्या थराच्या डोक्यावरून येत होता. काळ्या पत्थराच्या चिरांतून उतरलेलं पाणी त्या चिकण थरावर अडतं आणि आडवं सरकतं. म्हणून मी सांगितलं, मालक, आधी याच पातळीवर आडवे बोर घ्या. उभं बोर घेतलंत तर तांबड्या थराच्या पार खालपर्यंत केसिंग, म्हणजे आधाराचा पाइप, घाला. तो थर ओला झाला की सुटून बोरमध्ये ढासळतो आणि मोटार गाळात अडकते.