संध्याकाळचे सहा ते आठ

आमच्या विभागीय क्रीडाकेंद्रात सगळ्यात जास्त भांडणं पैशांवरून होत असतील असं बाहेरच्यांना वाटतं. होतात पंख्यांवरून. बॅडमिंटनवाल्यांना पंखे बंद हवेत, कारण शटलचं वजन नियमाप्रमाणे 4.74 ते 5.50 ग्रॅम, साध्या झुळकीनेही ते भरकटतं. पलीकडच्या मॅटवर कबड्डीची पोरं घामाने निथळत असतात, त्यांना वारा हवाच. वेळापत्रक ठरवणाऱ्या समितीत मी आहे. मी खेळायचे व्हॉलीबॉल, त्यामुळे दोन्हीकडचे मला परकीच समजतात.

केंद्र कसं आहे हे बघायला येणारे आधी चकचकीत फ्लोअर बघतात. मी मान वर करते. व्हॉलीबॉल आणि बास्केटबॉलला 7 मीटर मोकळी उंची चालते; बॅडमिंटनच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा 12 मीटर मागतात. गावोगावच्या केंद्राला 12 कशाला, पण 7 वर छत टाकलं तर उंच मारलेलं शटल तुळईला लागणार हे नक्की. फ्लोअर पुढेमागे बदलता येतो. छत एकदाच टाकलं जातं, आणि पुढची कित्येक वर्षं तिथे कोण खेळणार हेही त्याच दिवशी ठरून जातं.

पोहण्याच्या तलावाबद्दल थोडक्यात. 25 मीटरच्या साध्या तलावातही चार-पाच लाख लिटर पाणी असतं. कोणी पोहो न पोहो, ते रात्रंदिवस गाळावं लागतं, क्लोरीन आणि पीएच सांभाळावा लागतो. उद्‌घाटनाच्या फोटोत तलाव छान दिसतो, एवढंच म्हणते.

अशी केंद्रं सरकारांना एकाएकी सुचली नाहीत. पश्चिम जर्मनीने 1960 च्या ‘गोल्डन प्लॅन’मध्ये मैदानं, व्यायामशाळा, तलाव लोकसंख्येच्या हिशोबाने बांधायचं ठरवलं. म्हणजे पदकं किती येतील यापेक्षा माणसं किती आहेत हे आधी मोजलं. 1975 मध्ये युरोपात ‘सर्वांसाठी खेळ’ ही सनद आली. 1978 मध्ये युनेस्कोने शारीरिक शिक्षण आणि खेळ हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क असल्याचं जाहीर केलं. छानच. पण सनदेत वेळ लिहिलेली नसते. दुपारी अडीचला मिळणारा हक्क नोकरी करणाऱ्या बाईच्या काय कामाचा?

खरं केंद्र मला त्या वेळापत्रकाच्या तक्त्यात दिसतं. सहा ते आठ हे दोन तास सगळ्यांना हवे असतात आणि ते आधीपासून येणाऱ्या क्लबांकडेच असतात. शिवाय हिशोब क्लबांच्या बाजूने बोलतो. 28 बाय 15 मीटरच्या बास्केटबॉल कोर्टावर एका वेळी दहा जण खेळतात. तेवढ्याच हॉलमध्ये बॅडमिंटनची चार कोर्टं आखली की दुहेरीचे सोळा. मग बास्केटबॉलच्या मुलींना ‘आकडे बघा’ असं ऐकवलं जातं. आकडे मीही बघते. पण ते सोळा जण रोज तेच असतात हे त्या आकड्यांत दिसत नाही.

व्हीलचेअर बास्केटबॉलचा गट आला तेव्हाही असंच झालं. चाकांनी फ्लोअर खराब होईल म्हणे! डाग न पाडणारे टायर मिळतात, हे सांगावं लागलं. त्यांना कोर्ट तेच लागतं, रिंगही त्याच 3.05 मीटरवर. नवं काही बांधायचं असेल तर उतार, रुंद दारं आणि आत खुर्ची वळेल असं स्वच्छतागृह. तरी त्यांना मिळाली ती सकाळी अकराची वेळ, आणि त्यांच्यातले निम्मे त्या वेळी कामावर असतात.

माझा प्रस्ताव असा आहे: आठवड्यातून दोन संध्याकाळी सहा ते सात अर्धा हॉल कोणत्याच क्लबला द्यायचा नाही. सदस्यत्व नाही, आगाऊ बुकिंग नाही. येईल त्याने खेळावं. रॅकेट, चेंडू केंद्राचे. वयस्क, नवशिके, शाळेतून सुटलेली पोरं, कोणीही. क्लबवाले म्हणतात, हॉल रिकामा पडेल. सुरुवातीला पडेलही. मी तीन महिन्यांची मुदत मागितली आहे आणि क्लबांच्या तासांनाही हजेरी मोजायची अट घातली आहे, कारण नावावर घेतलेली आणि न वापरलेली कोर्टं मी कोपऱ्यात बसून पुष्कळ पाहिली आहेत. या अटीवरच सध्या सगळं अडलंय.