निन्फाची बाग, सेर्मोनेताचा डोंगर आणि मधलं पाणी

शनिवार, रात्र, रोम

पाय प्रचंड दुखतायत पण डोकं जागं आहे, तोवर लिहून काढते. आज आई आणि मी दिवसभर रोमच्या बाहेर होतो. निन्फाची बाग, तिच्या डोक्यावरचं नोर्मा गाव आणि मग सेर्मोनेता, बस इतकंच. रोमहून एका दिवसात लोक टिव्होली करतात, कास्तेल्लीची गावं करतात, तीही छानच असणार, पण आईला झाडं बघायची होती आणि मला डोंगरावरचं एखादं जुनं गाव, आणि ही दोन्ही इथे एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की वरच्या कड्यावरून खालची बाग दिसते.

ट्रेननेही जाता येतं, तेर्मिनी स्टेशनवरून लातिना स्काला गाठायचं आणि पुढे टॅक्सी, पण आईचे गुडघे आणि टॅक्सी मिळेल-न मिळेल ही धाकधूक, त्यामुळे ड्रायव्हरसकट गाडी ठरवली. महाग पडली, पण वसूल झाली, कारण ड्रायव्हरकाका त्याच भागातल्या सपाटीवर वाढलेले निघाले. त्यांचे आजोबा 1930 च्या दशकात उत्तरेतल्या व्हेनेतोहून इथे आले, सरकारने दलदल उपसून नवी जमीन केली होती आणि ती कसायला तिकडची गरीब शेतकरी कुटुंबं आणून वसवली होती. हे त्यांनी सांगेपर्यंत मी खिडकीबाहेर नुसती शेतं बघत होते. नंतर तेच कालवे, तेच सरळसोट रस्ते, त्यांच्या कडेची निलगिरीची रांग, सगळं वेगळं दिसायला लागलं. ही पोन्तिनची दलदल. रोमन लोकांनी उपसायचा प्रयत्न केला, पोप लोकांनी केला, कुणालाच धड जमलं नाही आणि शेवटी पंप नि कालवे लावून मुसोलिनीच्या काळात पाणी हटलं, 1932 मध्ये लित्तोरिया नावाचं नवं शहर उभं राहिलं, ज्याला आता लातिना म्हणतात. काका म्हणाले आजी शेवटपर्यंत क्विनीनच्या गोळ्यांबद्दल बोलायची. मलेरिया. सगळा दिवस हा मलेरिया आमच्या सोबत होता असं आता मागे वळून वाटतंय.

कारण निन्फाची बाग म्हणजे मुळात एक मेलेलं गाव आहे.

निन्फा हे मध्ययुगात चांगलं नांदतं गाव होतं, चर्च, गिरण्या, नगरसभेची इमारत, भोवती तट. 1159 मध्ये पोप तिसऱ्या अलेक्झांडरला रोममधून बाहेर पडावं लागलं तेव्हा त्याचा पोप म्हणून अभिषेक इथल्या सान्ता मारिया माज्जोरे चर्चमध्ये झाला. 1298 मध्ये काएतानी घराण्याने ते विकत घेतलं, तेव्हा त्यांच्याच घरातला माणूस आठवा बोनिफेस म्हणून पोप होता, त्यामुळे पैसा आणि वजन दोन्ही होतं. मग 14व्या शतकाच्या उत्तरार्धात पोपपदाच्या भांडणात गाव लुटलं, पाडलं. तेवढ्याने गावं मरत नाहीत खरं तर, लोक परत येतात, घरं बांधतात. इथे मात्र दलदल होती, डास होते, तापाने माणसं जायची, आणि हळूहळू सगळे निघून गेले. पुढची काही शतकं भिंती तशाच उभ्या, त्यावर वेली, आत कुणी नाही.

आत शिरल्यावर पहिल्यांदा पाणी ऐकू येतं. आधी पाणी दिसतच नाही, नुसता आवाज येत राहतो. मग पूल येतो आणि खाली नदी, आणि ती इतकी स्वच्छ आहे की तळातलं लांब हिरवं शेवाळ एका दिशेला विंचरल्यासारखं वाहत असतं आणि त्यात मासे एका जागी थांबून प्रवाहाशी झुंजत असतात, शेपटी हलते पण मासा पुढे जात नाही. आई कठड्याला टेकून किती वेळ ते बघत राहिली. मागचा ग्रुप खोळंबला, गाईडने हसून थांबू दिलं. हे पाणी मागच्या लेपिनी डोंगरात मुरतं आणि पायथ्याला झऱ्यांतून वर येतं. उत्तरेचा गार वारा तोच डोंगर अडवतो, म्हणून इथे केळीसुद्धा तगते. युरोपात, मेपल आणि मॅग्नोलियाच्या शेजारी केळीची पानं बघून आई इतकी खूश झाली की विचारायची सोय नाही, जाऊन पान हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं. "अगं, कडा फाटल्यात वाऱ्याने, पण खोड बघ कसं भरलंय," म्हणाली.

बाग केली ती 20व्या शतकात. जेलासिओ काएतानी हा खाणीचा इंजिनियर होता, पहिल्या महायुद्धात डोंगर सुरुंगाने उडवणारा माणूस, त्याने 1921 च्या सुमाराला इथली काटेरी झाडी साफ केली, पडीक भिंती सावरल्या, बुरूज आणि नगरसभेची इमारत दुरुस्त केली. त्याची आई एदा, माहेरची इंग्लिश, तिने गुलाब आणले. मग भाऊ रोफ्रेदो आणि त्याची अमेरिकन बायको मार्गेरित, मग त्यांची मुलगी लेलिया. लेलिया चित्रकार होती आणि ते कळतं, म्हणजे खरंच कळतं, कुठला रंग कुठल्या भिंतीसमोर आहे हे कुणीतरी मनापासून बघून ठरवलंय.

मला सगळ्यात आवडलं ते हे की यांनी गाव पुन्हा उभं केलं नाही. पैसा होता, हाताशी इंजिनियर होता, छपरं घालून, भिंती गिलावा करून जुनं गाव म्हणून मिरवता आलं असतं. त्याऐवजी पडकं पडकंच ठेवलं, फक्त अजून पडू नये इतकं सावरलं, आणि मग भिंतीला गुलाब, खिडकीत जाईसारखी पांढरी वेल, चर्चच्या उघड्या पोटात गवत. सान्ता मारिया माज्जोरेच्या अर्धगोल भिंतीवर जुन्या चित्रांच्या पुसट खुणा आहेत, छप्पर नाही, वर सरळ आभाळ, आणि जिथे पोपचा अभिषेक झाला तिथे मधमाश्या. एका दगडी कमानीवर पांढऱ्या गुलाबाची वेल चढलीये, वेल काय, खोड मनगटाएवढं जाड आहे, साल सुटून लोंबतेय, आणि त्याच्या टोकाला इतकी नाजूक फुलं की हात लावला तर पाकळ्या गळतात. मे महिन्यात आलो ते बरं झालं. आईने एक गळालेली पाकळी उचलून वास घेतला आणि लगेच जागेवर ठेवली, जशी देवाजवळची ठेवावी तशी.

एक गोष्ट सांगून ठेवते, कुणी जाणार असेल तर: ही बाग रोज उघडी नसते, वसंतापासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत ठरावीक दिवशी आणि तेही मुख्यतः शनिवार-रविवार, तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं, आणि आखलेल्या वाटेनेच जायचं, तास-सव्वा तासात फिरून होतं. आईला वाटलं अजून एक चक्कर मारता आली असती तर बरं. मला मात्र ही बंधनं पटली. 8 हेक्टर जागा आहे, त्यात हजारावर जातींची झाडं, आणि गर्दी मोकळी सोडली तर सहा महिन्यांत ते गवत मरेल.

लेलियाचा एकुलता भाऊ कामिल्लो 1940 मध्ये अल्बेनियातल्या लढाईत मारला गेला. तिला स्वतःला मूल नव्हतं. 1972 मध्ये वडिलांच्या नावाने ट्रस्ट झाला, बाग आणि सेर्मोनेताचा किल्ला दोन्ही त्याच्याकडे गेलं, आणि 1977 मध्ये ती गेली. गाईडने हे अगदी दोन वाक्यांत सांगितलं आणि पुढे निघाली, पण मी तिथेच अडकले. सातशे वर्षांचं घराणं, शेवटची बाई, आणि तिने शेवटची वर्षं काय केलं तर ज्यांना ती कधी भेटणार नव्हती त्यांच्यासाठी मॅग्नोलिया लावले. मॅग्नोलियाला जोमात यायला किती वर्षं लागतात हे आईला माहीत आहे, ती काही बोलली नाही, नुसती माझा हात धरून चालत राहिली.

नोर्माला आम्ही फार थांबलो नाही. गाडी वळणावळणाने चढते, वरती अक्षरशः कड्याच्या टोकावर गाव, आणि गावाजवळ प्राचीन नोर्बाचे अवशेष, चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेले अवाढव्य दगड. इ.स.पूर्व 1ल्या शतकातल्या रोमच्या यादवीत सुल्ला या सेनापतीच्या सैन्याच्या हाती पडण्यापेक्षा लोकांनी आपणच गाव पेटवून दिलं असं जुना इतिहासकार अप्पियन सांगतो. ऊन खूप होतं, आई गाडीत बसली, मी कड्यापर्यंत जाऊन आले. आणि तिथून खाली बघितलं तेव्हा सकाळपासूनचं सगळं एकदम जुळलं. पायाखाली निन्फाचं तळं, बुरूज, झाडांचा गडद ठिपका. त्यापुढे सपाट शेतं, कालवे, लातिना, आणि पार टोकाला समुद्र आणि चिर्चेओचा डोंगर. ती सगळी सपाटी पूर्वी पाणी होती, डास होते. म्हणून गावं इतकी वर, हे मला इतकं सोपं असूनही आधी सुचलं नव्हतं. शत्रू हे एक कारण असणारच, पण खाली राहिले ते तापाने गेले आणि वर चढले ते टिकले. निन्फा खाली होतं, गेलं. नोर्मा, सेर्मोनेता वर होती, आजही तिथे बाया खिडकीत कपडे वाळत घालतायत. आणि ज्या पाण्याने निन्फा मारलं त्याच पाण्यावर आता ती बाग जगतेय.

मलेरिया डासांमुळे होतो हे तरी कधी कळलं, तर 1897 मध्ये रोनाल्ड रॉसने आपल्या सिकंदराबादेत डासाच्या पोटात तो जंतू बघितला आणि पुढच्याच वर्षी इटलीत ग्रास्सी या शास्त्रज्ञाने माणसाच्या मलेरियाला अॅनोफिलीस डास जबाबदार आहे हे दाखवलं. म्हणजे निन्फा सोडून गेलेल्या माणसांना आपल्याला कोण मारतंय हे कधी समजलंच नाही. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच झालं, जवळच्या अंझिओच्या लढाईच्या आसपास जर्मनांनी ही सपाटी मुद्दाम पाण्याखाली घातली आणि 1944 मध्ये ताप परत आला. काका म्हणाले त्यांच्या घरातलं एक लहान मूल त्या वर्षी गेलं. एवढंच म्हणाले, मीही पुढे विचारलं नाही.

सेर्मोनेता आईला जड गेलं, सगळीकडे चढ आणि गुळगुळीत दगडी फरशी, गाडी वेशीबाहेरच ठेवावी लागते. पण हळूहळू चढलो, दर दोन वळणांवर बसलो, घाई कुणाला होती. जेवायला आर्टिचोक, जवळच्या सेत्सेचे, तेलात मऊ शिजवलेले, आणि म्हशीच्या दुधाचं मोत्सारेल्ला. आईने शाकाहारी जेवणाचं टेन्शन घेतलं होतं ते तिथे संपलं. किल्ला भक्कम आहे, 42 मीटर उंच बुरूज, 1499 मध्ये बोर्जिया घराण्यातल्या पोपने तो काएतानींकडून हिसकावला आणि 1504 मध्ये परत मिळाला, खोल्यांत रंगवलेल्या भिंती आहेत. किल्ल्यापेक्षा मला चर्च जास्त लक्षात राहिलं. सान्ता मारिया अस्सुन्तामध्ये बेनोत्सो गोत्सोलीचं 15व्या शतकातलं चित्र आहे, मारियाभोवती देवदूतांची दाटी आणि तिच्या हातात मूल नाहीये, हातात सेर्मोनेता गाव आहे. छोटुकलं, तट, घरं, बुरूज सगळं. आई म्हणाली, "ग्रामदेवता आहे ही." अगदी बरोबर. खाली मरण पसरलेलं असताना वरच्या लोकांनी दुसरं काय मागावं, आमचं गाव सांभाळ, एवढंच.

परतीच्या वाटेवर किवीच्या बागा लागल्या, मैलोन्‌मैल, मांडवावर चढवलेल्या. आणि त्या रस्त्यांवर सायकलवर पगडीवाले सरदारजी! लातिनाच्या या पट्ट्यात हजारो पंजाबी शेतमजूर आहेत, साबाउदियाला गुरुद्वारा आहे. पेट्रोल पंपावर एक जण भेटला, आई सरळ हिंदीत बोलायलाच लागली. जालंधरकडचा, बरीच वर्षं इथे. काम कसं आहे विचारलं तर म्हणाला, मिलता है जी, पर कमर टूट जाती है. 2016 मध्ये इथल्या शीख मजुरांनी लातिनात मोठा संप केला होता, मजुरी आणि वागणूक दोन्हीसाठी, हे मी मागे वाचलं होतं, त्याला विचारलं तर म्हणाला मीपण होतो त्या दिवशी चौकात. त्यानंतर थोडं सुधारलं, सगळीकडे नाही म्हणाला. आधी व्हेनेतोची गरीब माणसं आणून ही जमीन कसली, आता पंजाबची कसतायत, आणि बागेची तिकिटं काढून आलेल्या आमच्यासारख्यांना वरून ती नुसती हिरवी दिसते. मला हे त्याच दिवसात कळलं ते बरं झालं, नाहीतर मी फक्त गुलाबांबद्दल लिहिलं असतं.

आईने पर्समधली राजगिऱ्याची वडी काढून त्याला दिली, त्याने दोन्ही हातांनी घेतली आणि काकांना इटालियनमध्ये काहीतरी सांगितलं. पुढे गेल्यावर काकांना विचारलं काय म्हणाला. तर म्हणे, माताजींना सांगा, ऑक्टोबरात किवी उतरते तेव्हा या, पेटी भरून देतो.